हिंवाळा आणि विजेची मोटार

नॉर्वे देशांत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकीं जवळजवळ नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या. बर्फाच्या देशांत हें घडावें याचें नवल वाटेल. परंतु तेथील प्रवासी थंडीचा हिशेब आधींच मांडतो. पेट्रोलच्या यंत्राची बरीच शक्ति उष्णतारूपानें वायां जाते, व तीच गाडींतील माणसांना ऊब देते. विजेचें यंत्र काटकसरी. त्याजपाशीं अशी फुकटची ऊब फारशी उरत नाहीं. ती बॅटरींतूनच घ्यावी लागते. शिवाय गारठलेली बॅटरी भरतेही सावकाश. म्हणून कडक थंडींत गाडीचा पल्ला पांचव्या हिश्शानें, कधीं त्याहूनही अधिक घटतो.

यावर उपाय साधे आहेत. घरची वीज जोडलेली असतांनाच गाडी तापवून घ्यावी. वाटेंत आंतल्या हवेपेक्षां आसनें तापविण्यावर भर द्यावा. हार्डांगरच्या पठारावर वादळांत रस्ता कधीं बंद होतो, कधीं बर्फ हटविणाऱ्या यंत्रामागून मोटारी रांगेनें सोडतात. अशा खोळंब्यांत वीज हीच मुलांमाणसांची शेगडी होय. तेव्हां कुटुंबवत्सल गृहस्थानें पल्ल्याच्या छापील आंकड्यावर न विसंबतां, घाट चढण्यापूर्वींच पुरेशी शिल्लक गांठीं बांधावी.