देव खांद्यावर घेऊन आलेलीं माणसें

प्रत्येक घरांत एक कोपरा असा असतो कीं, त्याची किंमत घराच्या खरेदीखतांत कोठेंही लिहिलेली नसते. तो कोपरा म्हणजे देवघर. आमच्या वाड्यांत तीन भावांचीं कुटुंबें आजवर एकत्र नांदलीं. चूल एक, सणवार एक आणि देवघरही एकच. गेल्या वर्षीं वाडा पाडून त्या जागीं इमारत उभारण्याचें ठरलें. कोणास कितवा मजला, किती खोल्या, मधल्या काळांत बिऱ्हाड कोठें थाटावयाचें, हे सारे प्रश्न कागदावर सुटले. मग एके दिवशीं तिन्हीसांजेस दिवा लावतांना थोरल्या वहिनींनीं सहज विचारलें, "आणि देव कोणाकडे जायचे?" त्या प्रश्नास कोणत्याही कागदावर जागा नव्हती.

धाकटे बंधु म्हणाले, "प्रत्येकानें आपापल्यापुरता एक देव ठेवावा. जुने टाक एखाद्या देवळांत नेऊन द्यावे. नव्या घरांत दोघेंही दिवसभर बाहेर असणार. पूजाअर्चा सांभाळणार कोण?" बोलणें अश्रद्धेचें नव्हतें, अडचणीचें होतें, म्हणूनच त्यास चटकन् उत्तर देतां येईना. इतक्यांत पुतणीच्या दहा वर्षांच्या मुलीनें विचारलें, "आजी, आपण येथें राहतों, मग आपला देव गोव्याला कां राहतो?" त्यावर आमच्या वृद्ध काकू म्हणाल्या, "बाळ, तोही मूळचा त्या गांवचा नव्हे. त्यालाही एकदां घर सोडावें लागलें होतें."

काकूंच्या या एका वाक्यानें त्या संध्याकाळचें बोलणें निराळ्याच वाटेस लागलें. ज्यांची कुलदैवतें गोमंतकांत आहेत, अशा घरांत ही कथा थोडीबहुत ठाऊक असते. परंतु ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. देव कोठून कोठें गेला, हें आपण सांगतों. त्याला नेणाऱ्यांनीं मागें काय टाकलें, हें सांगावयाचें राहून जातें. तो राहिलेला अर्धा भाग येथें मांडावा असें वाटलें.

पोर्तुगीजांनीं गोव्याचें बेट १५१० सालीं घेतलें, आणि १५४३ मध्यें साष्टी व बारदेश हे दोन प्रांत कायमचे त्यांच्या ताब्यांत आले. तिसवाडींतील देवळें १५४० च्या सुमारास पाडलीं गेलीं होतीं. पुढच्या वीस वर्षांत हीच लाट नदी ओलांडून साष्टींत शिरली. प्रथम उत्सवांना बंदी आली, मग नवीं देवळें बांधण्यास व जुन्यांची डागडुजी करण्यास मनाई झाली, आणि १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें एकामागून एक जमीनदोस्त करण्यांत आलीं. त्यांची संख्या अडीचशेंहून अधिक होती. देवळांच्या जमिनी व उत्पन्नें ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यांत आलीं. १५६० मध्यें गोव्यांत धर्मन्यायासनाची, म्हणजे ज्यास आपण इन्क्विझिशन म्हणतों त्याची, स्थापना झाली. तें मधला अल्प काळ सोडल्यास १८१२ पर्यंत चाललें.

परंतु माणसाच्या काळजास सर्वांत अधिक झोंबणारा हुकूम १५५९ चा होता. अनाथ हिंदु मुलांस आप्तांपासून काढून ख्रिस्ती पाद्र्यांच्या स्वाधीन करावें, असा त्याचा आशय होता. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकास या हुकुमाचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. बाप गेला तरी आजा असतो, काका असतो, आत्या असते. पोर उघड्यावर पडत नाहीं, हीच तर आपल्या घरांची पुण्याई. त्या पुण्याईवरच कायद्यानें घाव घातला होता. त्या काळीं घर सोडणारांनीं केवळ देवासाठीं घर सोडलें असें नव्हे; देवघरांतला देव आणि पाळण्यांतलें पोर हीं दोन्हीं एकाच पदराखालीं घेऊन तीं माणसें निघालीं.

कुशस्थळी म्हणजे आजचें कुठ्ठाळ हा गांव जुवारी नदीच्या कांठीं आहे. तेथील श्रीमंगेशाचें लिंग १५६० सालीं पैलतीरीं अंत्रुज महालांत प्रियोळ गांवीं नेण्यांत आलें. आज आपण ज्यास मंगेशी म्हणतों तें हेंच स्थान. त्याच दशकांत केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला, शंखवाळीचा नरसिंह वेलिंगास गेला. आज फोंडा भागांतून एखाद्या दिवसांत मोटारीनें फिरतांना हीं सारीं देवस्थानें इतक्या जवळजवळ दिसतात कीं, येणाऱ्यास वाटावें, येथील भूमीच मूळची मोठी पुण्यवान्. खरें पाहतां तो निर्वासितांचा शेजार आहे. संकटकाळीं ज्यास जेथें पाय टेकावयास जागा मिळाली, तेथें त्यानें आपला देव टेकविला.

आणि ही जागा कोणाच्या राज्यांत होती? अंत्रुज महाल त्या काळीं विजापूरच्या आदिलशाहींत मोडत होता. म्हणजे ख्रिस्ती राजसत्तेपासून पळालेल्या हिंदु देवांना आसरा मिळाला तो मुसलमान बादशहाच्या मुलखांत! इतिहास आपल्या सोयीच्या रेघांनीं आंखलेला नसतो, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल. ज्यांस ही कथा द्वेष जागविण्यासाठीं सांगावयाची असते, ते हें एवढेंच नेमकें गाळतात. आपण गाळूं नये.

मागें काय राहिलें, याचा हिशेब एकदां मनाशीं करून पाहावा. गांवकरींतील वाटा हा त्या काळच्या कुळाचा कणा होता. गांवची जमीन, तिचें उत्पन्न, देवळांतील मान, गांवच्या बैठकींतली जागा हें सर्व त्या एका वाट्यांत येई. नदी ओलांडणाऱ्याचें तें सर्व सुटलें. नारळीपोफळीच्या बागा, पिढ्यान् पिढ्या बांध घालून राखलेलीं खाजणें, पूर्वजांचीं स्मशानें हीं कोणास होडींत घालून नेतां येत नाहींत. कांहीं कुळें अंत्रुजांत राहिलीं, कांहीं कारवार, मंगळूर करीत थेट कोचीपर्यंत गेलीं, तर कांहीं वर कोंकणांत व देशावर आलीं. आपल्यापैकीं अनेकांच्या आडनांवांत आजही एखाद्या गांवाचें नांव आहे. त्या गांवीं आपली हातभर जमीन नसते. तरी चारशें वर्षें आपण तें नांव टाकलेलें नाहीं.

जे गेले नाहींत, त्यांचें काय? त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं धर्म बदलला. कोणी भीतीनें, कोणी जमीन राखण्यासाठीं, कोणी म्हातारीकोतारी माणसें मागें टाकवेनात म्हणून, तर कोणी मनापासूनही. एका घरचे दोन भाऊ नदीच्या दोन तीरांवर राहिले, असें किती ठिकाणीं झालें असेल! गेलेल्यानें त्याग केला आणि राहिलेल्यानें केला नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

साष्टींतील कुंकळ्ळीची हकीकत या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे. १५८३ सालीं तेथील क्षत्रिय गांवकऱ्यांनीं देवळें पाडण्याच्या संतापांत पांच जेझुइट पाद्र्यांना व त्यांच्या सोबतच्या कांहींजणांना ठार केलें. त्यानंतर गांवच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलणीं करण्यासाठीं म्हणून बोलाविण्यांत आलें आणि तेथें त्यांची कत्तल झाली. दोन्हीं बाजूंस रक्त सांडलें. तेथील शांतादुर्गा फातर्प्यास नेण्यांत आली, ती आजही तेथेंच आहे. परंतु दर वर्षीं फाल्गुनांत ती गुलालाच्या धुळवडींत, रंगीत छत्र्यांच्या मिरवणुकीनें आपल्या मूळ गांवीं कुंकळ्ळीस जाते. छत्र्या बारा, कारण गांवकऱ्यांचे वांगड बारा. त्या वांगडांपैकीं कांहीं घराणीं आज ख्रिस्ती आहेत. तींही या उत्सवांत आपली छत्री ओळखतात. धर्म बदलला, पण देवी आपल्या गांवची आहे ही ओळख पुसली गेली नाहीं. माहेरवाशिणीनें वर्षांतून एकदां माहेरीं यावें, उंबऱ्याशीं टेकावें आणि दिवेलागणीच्या आंत परतावें, तशी ही देवीची भेट.

अंत्रुजांत आलेल्या देवांना प्रथम जीं छपरें मिळालीं, तीं साधींच होतीं. आज आपण पाहतों तीं भव्य देवळें बहुतेक अठराव्या शतकांतलीं. १७३९ मध्यें रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून पेशव्यांनीं मंगेशी गांव देवस्थानास इनाम दिला. कवळें येथील शांतादुर्गेचें देऊळ शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या खटपटीनें त्याच दशकांत उभें राहिलें. म्हणजे नदी ओलांडल्यापासून चिरेबंदी देऊळ उभें राहीपर्यंत पावणेदोनशें वर्षें गेलीं. मधल्या पांचसहा पिढ्यांनीं तो वैभवाचा काळ पाहिलाच नाहीं. त्यांनीं केवळ सकाळसंध्याकाळ दिवा लावला, नैवेद्य दाखविला आणि पुढच्या पिढीच्या हातीं घंटा दिली. इतिहासांत नांव राहतें तें देऊळ बांधणाराचें. पण देव टिकला तो या मधल्या माणसांमुळें.

या देवळांकडे नीट पाहिलें तर आणखी एक मौज दिसते. त्यांच्या कमानी, घुमट, गच्चीचे कठडे यांवर गोव्यांतील चर्चच्या बांधणीची छाप स्पष्ट आहे. ज्या सत्तेमुळें देवास परागंदा व्हावें लागलें, तिच्याच देशांतील शिल्पाचें वळण देवाच्या नव्या घरानें निःसंकोचपणें घेतलें. पुढें १७६३ मध्यें फोंडा प्रांतही पोर्तुगीजांकडे गेला. पण तोंवर काळ पालटला होता आणि तेथील देवळांना धक्का लागला नाहीं. अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. ज्यांनीं देव उचलून नेले, त्यांना यांतलें कांहींच ठाऊक असणें शक्य नव्हतें. आपण पेरलेलें कधीं उगवेल याचा कोणताही भरंवसा नसतांना त्यांनीं तें ओझें उचललें. श्रद्धा म्हणतात ती हीच असावी.

मंगेशीस गेलेल्या वाचकांस मूळकेश्वराचें लहानसें स्थान आठवत असेल. परंपरा सांगते कीं, कुशस्थळीस लिंगाचा शोध ज्या गुराख्यामुळें लागला, त्याचें हें स्मरण. मोठ्या देवाच्या आवारांत एका गुराख्यास जागा मिळाली, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. त्याच न्यायानें पाहूं गेल्यास नावाड्यानें होडी सोडली नसती, अंत्रुजांतील शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा तुकडा दाखविला नसता, भोयांनीं खांदा दिला नसता, तर कोणत्या भटजींनीं कोणता अभिषेक केला असता? आपल्या कुळाचा अभिमान मिरवितांना, आपण केवळ आपल्याच बळावर येथवर आलों असा समज मनांत नकळत वाढतो. त्यावर हें आवारांतलें लहानसें स्थान चांगला उतारा आहे.

आपल्या धर्मकृत्यांत तर ही जाणीव मुळांतच आहे. तर्पणांत प्रथम देव, मग ऋषि, मग पितर असा क्रम असतो. आणि शेवटीं ज्यांचें पाणी देण्यास कोणीही उरलें नाहीं, जे आपल्या नात्यागोत्याचेही नाहींत, त्यांनाही एक ओंजळ दिली जाते. लहानपणीं ती ओंजळ मला उगीच वाटे. ओळख ना पाळख, त्यांना पाणी कशासाठीं? आतां वाटतें, नावाडी, शेतकरी, भोई हे सारे त्या एका ओंजळींत येतात. देवाचें स्मरण आणि उपकारकर्त्यांचें स्मरण हीं दोन निराळीं कृत्यें आमच्या पूर्वजांनीं मानलीं नाहींत. देव आठवला कीं त्यास येथवर आणणारीं माणसें आठवलींच पाहिजेत. नाहीं तर ती पूजा अर्धीच.

काकूंनीं त्या संध्याकाळीं हें सर्व एवढ्या शब्दांत सांगितलें नाहीं. त्यांनीं मुलीस जवळ घेऊन मंगेशाची गोष्ट सांगितली आणि शेवटीं एवढेंच म्हणाल्या, "त्यांना नदी ओलांडावी लागली, आपल्याला फक्त जिना चढायचा आहे." बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग धाकटे बंधूच म्हणाले, "पहिलें वर्ष देव आमच्याकडे राहूं द्या. सोंवळें जमेल तेवढें जमेल. दिवा मात्र चुकणार नाहीं." त्यांच्या पत्नीनें लागलीच कोणत्या भिंतीशीं देव्हारा बसेल याचा विचार सुरू केला. दर वर्षीं वर्षप्रतिपदेस देव एका घरून दुसऱ्या घरीं जातील आणि त्या दिवशीं तिन्हीं कुटुंबें एका पंक्तीस जेवतील, असें ठरलें.

वाडा रिकामा केला त्या दिवशीं टाक रेशमी वस्त्रांत गुंडाळून एका तबकांत ठेवले. तें तबक कोणी घ्यावें यावर वाद झाला नाहीं. काकूंनीं तें त्या दहा वर्षांच्या मुलीच्या हातांत दिलें. तिला तें थोडें जड झालें. वाटेंत दोनदां थांबून तिनें हात बदलला, पण दुसऱ्या कोणाकडे दिलें नाहीं. नव्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्याशीं तिच्या पायांवर पाणी घातलें, तेव्हां काकूंनीं हात जोडले. ते देवाला कीं तिला, हें मीं विचारलें नाहीं.