मिनिटाला ४३ फेरे

मिक्सरच्या घरघरीला सरावलेल्या कानांना स्लो ज्युसर चालू आहे की बंद, हे पटकन कळत नाही. गाजराचा तुकडा वरच्या नळीतून आत जातो, ‘कट्’ असा आवाज होतो आणि थोड्या वेळाने एका तोंडातून केशरी रस, दुसऱ्यातून चोथा येऊ लागतो. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं. दक्षिण कोरियाच्या ह्युरॉम कंपनीच्या एका परिचित मॉडेलमधला ऑगर, म्हणजे रस काढणारा स्क्रू, घेतो फक्त ४३.

दाबून रस काढण्याची कल्पना जुनीच. अमेरिकेत नॉर्मन वॉकर यांचं नॉरवॉक यंत्र १९३० च्या दशकातलं. ते भाजी किसून, कापडात बांधून दाबत असे. आपल्या रसवंतीचा चरकही याच कुळातला, लाटा सावकाश आणि जोर दांडगा. ऊस मात्र घरच्या ज्युसरमध्ये घालू नये, ऑगर तडकतो.

स्लो ज्युसरची सगळी करामत त्या ऑगरमध्ये आहे. टणक प्लास्टिकचा हा जाडजूड स्क्रू बारीक भोकांच्या जाळीत उभा फिरतो. वर जागा ऐसपैस, खाली जाऊ तशी अरुंद. मोटर जेमतेम दीडशे ते अडीचशे वॅटची, पण गिअर तिचा वेग उतरवून ताकद वाढवतात. तुकडा खाली सरकत चिरडला जातो, रस जाळीतून पाझरतो आणि चोथा तळाच्या तोंडाकडे ढकलला जातो. तिथे सिलिकॉनचं एक छोटं बूच दाब धरून ठेवतं. ते नीट बसलं नसेल तर चोथा ओलाच बाहेर पडतो आणि लोक दोष गाजराला देतात.

प्रत्येक फळाची तऱ्हा वेगळी. डाळिंबाला हे यंत्र फार मानवतं: मिक्सरमध्ये दाण्यांतल्या बिया भरडून रस तुरट होतो, इथे त्या बऱ्याचशा चोथ्यातून निघून जातात. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, कारण त्यातलं लिमोनिन हळूहळू तयार होतं. म्हणून बिया आणि पांढऱ्या शिरा काढायच्या आणि रस लगेच प्यायचा. आवळा, जांभूळ यांच्या बिया आधी काढल्याच पाहिजेत. आलं, पालकाचे देठ, अननसाचा मधला दांडा यांचे धागे ऑगरला गुंडाळतात, तेव्हा सगळं बोटाच्या पेराएवढं चिरून घ्यावं. पिकलेला आंबा आणि केळं यांचा रस निघतच नाही, जाळीवर नुसता लगदा बसतो. मऊ फळामागून गाजराचा तुकडा टाकला की अडलेला लगदा पुढे सरकतो. यंत्र अडलंच तर उलटं फिरवायचं बटण असतं. किलोभर गाजराचा साधारण अर्धा लिटर रस मिळतो. उरलेला चोथा थालीपिठात छान जातो.

पुढची गोष्ट जाहिरातीत नसते. जाळी लगेच धुतली नाही, तर भोकांतला चोथा वाळून घट्ट बसतो, मग ब्रशने घासत बसा. ओल्या हळदीचा पिवळा रंग प्लास्टिकवरून जाता जात नाही. ‘थंड दाबामुळे सगळं सत्त्व टिकतं’ हा दावाही ताणलेला आहे, कारण वेगवान ज्युसरमध्येही रस काही अंशच तापतो. शिवाय रस कसाही काढा, बहुतेक तंतू चोथ्यात जातात आणि साखर ग्लासात उतरते. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही रसापेक्षा अख्खं फळ खा असंच सांगतात. मधुमेह असलेल्यांनी हे विसरू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर रोज ग्लासभर पालकाचा रस नकोच, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

सगळ्यात गंभीर धोका दुधीचा. कडू दुधीतल्या कुकुरबिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या होऊ शकतात. दिल्लीत २०१० साली एका शास्त्रज्ञाचा असा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हा विषय तपासला. या विषबाधेवर उतारा नाही. इतर रसांत मिसळला की कडूपणा लपतो, म्हणून दुधीच्या रसात दुसरा रस घालू नये. दुधी ज्युसरमध्ये टाकण्याआधी त्याची एक फोड चाखा. कडू लागली तर थुंका आणि तो दुधी फेकून द्या. रस पिऊन मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तर तडक रुग्णालय गाठा.