तीन विद्यापीठें, एक पाटी



दोन संसार एक करणें किती कठीण, हें एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांना सांगावयास नको. चूल एक करतां येते. सकाळीं चहाचें आधण कोणीं ठेवावयाचें, येथें गाडें अडतें. विद्यापीठांच्या विलीनीकरणाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. कायदा, निधि आणि कुलगुरू यांविषयीं आपण वर्तमानपत्रांत वाचतों. परंतु कारकुनाचें, प्रयोगशाळेंतील साहाय्यकाचें वा अध्यापकाचें त्या काळांत काय होतें, हें क्वचितच कळतें. तें आज एका उदाहरणानें पाहूं.

उदाहरण फिनलंडचें. हेलसिंकीच्या परिसरांत तीन जुन्या संस्था होत्या. तंत्रविद्यापीठाचें मूळ 1849 मधील, कलासंस्थेचें 1871 मधील आणि वाणिज्यसंस्थेचें 1911 मधील. 1 जानेवारी 2010 रोजीं या तिन्हींचें मिळून ‘आल्टो विद्यापीठ’ झालें. नांव दिलें प्रख्यात वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांचें. ते तंत्रविद्यापीठाचेच विद्यार्थी, आणि ओटानिएमी येथील त्याच्या आवाराचा आराखडाही त्यांचाच.

पहिला बदल नांवाचा. तो एका रात्रींत होतो. परंतु ‘आपण कोठें काम करतां?’ या प्रश्नाला ज्यानें वीस-पंचवीस वर्षें एकच उत्तर दिलें, त्याच्या जिभेवर नवें नांव रुळावयास वेळ लागतो.

दुसरा बदल नोकरीच्या नात्याचा. त्याच दिवशीं फिनलंडांत नवा विद्यापीठ-कायदा अमलांत आला आणि तेथील विद्यापीठांचे सेवक सरकारी सेवक न राहतां कराराचे नोकर झाले. वास्तविक हा बदल विलीनीकरणामुळें नव्हे. जेथें विलीनीकरण नव्हतें तेथेंही तो झालाच. पण दोन्ही गोष्टी एकाच तारखेला आल्यावर सेवकानें त्यांत भेद कसा करावा? अशा वेळीं प्रत्येक शंकेचें खापर विलीनीकरणाच्याच माथीं फुटतें.

तिसरा बदल जागेचा, आणि तो सर्वांत सावकाश. 2012 मध्यें वास्तुकलेचा विभाग तंत्रशाखेकडून कलाशाखेकडे गेला. कलाशाखा ओटानिएमीस आली ती 2018 मध्यें. वाणिज्यशाखेचें उरलेलें बिऱ्हाड हललें 2019 मध्यें. म्हणजे कागदावर संसार एक झाल्यावर तिन्ही शाखा एका आवारांत यावयास नऊ वर्षें लागलीं.

अशा मधल्या काळांत सेवकाला काय सोसावें लागतें? त्याचें जुनें ज्ञान निरुपयोगी होतें. कोणता कागद कोणाच्या सहीनें सुटतो, कोणत्या प्राध्यापकास दोनदां आठवण द्यावी लागते, हें तो वर्षानुवर्षें शिकलेला असतो. तें कोणत्याही नियमपुस्तकांत नसतें, आणि याच शिदोरीवर कचेरी चालते. दोन कचेऱ्या एक झाल्या कीं निष्णात मनुष्य एकाएकीं उमेदवार बनतो. त्याची कुरकूर आळसाची नसते. पत गेल्याची असते. शिवाय एका खुर्चीला दोन धनी झाले तर जाणार कोण, ही धास्ती निराळीच.

यावर उपाय मोठे नाहींत, पण ते वेळेवर हवेत. कोणाची जागा राहणार व कोणाची जाणार, हें लवकर सांगावें. वाईट बातमी सोसवते, टांगणी सोसवत नाहीं. नव्या रीतीचें फर्मान काढण्यापूर्वीं जुन्या हातांना विचारावें. दोन बदल शक्य तों एकाच दिवशीं आणूं नयेत. आणावेच लागले तर कोणता कशामुळें आला, हें उघड सांगावें.

मुंबईंतही 2019 मध्यें विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम महाविद्यालय यांसारख्या जुन्या शासकीय संस्था डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाच्या छत्राखालीं आल्या. असे प्रसंग यापुढेंही येतील. आपल्या घरचा कोणी अशा संस्थेंत असेल आणि संध्याकाळीं गप्प गप्प परत आला, तर ‘पगार चालू आहे ना?’ एवढ्यावर थांबूं नका. ‘आतां तुमचें टेबल कोठें आहे?’ असें विचारा. त्याचें उत्तर शेवटपर्यंत ऐका.