थकलेल्या देहाला अंतरीचे बळ

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. भल्या पहाटे फड गाठायचा, मोळ्या वाहून गाडी भरायची. आजारपणात दिवस चुकला तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. विश्रांती नाकारलेल्या देहांची ही कहाणी आहे.

अशा थकव्यात बळ कोठून यावे? राजांच्या पहिल्या ग्रंथात (अध्याय १९) एलिया संदेष्टा खचून जातो, मरण मागतो आणि झुडपाखाली झोपी जातो. देवदूत त्याला दोष देत नाही. भाकर व पाणी देतो आणि पुन्हा निजू देतो. त्यानंतरच एलिया चाळीस दिवस चालून होरेब पर्वत गाठतो.

म्हणून बंधुभगिनींनो, अंतरीचे बळ म्हणजे देहावर जबरदस्ती नव्हे. विसावा घेणे हा अविश्वास नाही. तोडीस जाणाऱ्या शेजाऱ्याच्या मागे राहिलेल्या वृद्धांची व मुलांची काळजी वाहणे, परतलेल्या भगिनीला वेळीच दवाखान्यात नेणे, हीच आज त्यांच्यासाठी देवदूताची भाकर होय.