पुढच्या चाकाची उठबस

मृगाचे दोन पाऊस पडून गेले की पाणंदीची काय दशा होते हे तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या, मध्ये उंचवटा, एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला ओघळ. अशा वाटेवर जुनी जीप घालून पाहा. पुढचे डावे चाक बांधाच्या दगडावर चढते आणि उजवे चाक सरळ हवेत उभे राहते. मग ते हवेतले चाक गरागरा फिरत बसते आणि गाडी जागची हलत नाही. मागे बसलेली कारभारीण कॅनमधले दूध सांभाळत म्हणते, "उतरून ढकलू का?" आणि गावातला एखादा जाणता सांगतो, "इंजिन दमले आता हिचे."

इंजिन दमलेले नसते. टायरही पुष्कळदा बरे असतात. पुढचे चाक हवे तेवढे खाली उतरत नाही, हे खरे दुखणे. चाक वर चढणे आणि खाली उतरणे, याला मोटारवाले 'ट्रॅव्हल' म्हणतात. आपण त्याला चाकाची उठबस म्हणू. ही उठबस कशी वाढवावी आणि ती वाढवताना कोणता उद्योग करू नये, हे आज सांगायचे आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमका तो नको तोच उद्योग होतो.

आधी चाक हवेत गेले की गाडी का अडते ते पाहू. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही. चार पायांची बाज मात्र उंचसखल अंगणात टाकली की एक पाय उचलतेच. जीप ही बाजच आहे. फरक इतकाच की तिच्या पायांना पाटे लावलेले असतात, म्हणजे प्रत्येक पाय थोडा लांब-आखूड होऊ शकतो. तो जितका होईल तितकी चारही चाके भुईला टेकून राहतात. आणि साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा की, एका एक्सेलची दोन चाके असतील तर ज्याला अडवणूक कमी ते जास्त फिरते. हवेतल्या चाकाला अडवणूक कसलीच नाही. मग जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. फोर व्हील टाकले तरी पुढचे एक आणि मागचे एक चाक उचलले गेले की दोन्ही एक्सेल असेच हतबल होतात.

विलिस जीप १९४१ पासून लढाईसाठी बनू लागली आणि १९४७ मध्ये महिंद्रने ती आपल्याकडे जुळवायला सुरुवात केली. तिला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सेल आणि पाटे. पुढे कित्येक वर्षे आपल्या खेड्यापाड्यांत फिरलेल्या जीपची घडण तीच राहिली. साधी, कुठल्याही वस्तीवरच्या मिस्त्रीला उलगडणारी. पण पाटे आखूड, म्हणून चाल कडक.

आता तुमच्या गाडीची उठबस मोजा. गाडी सपाट जागी उभी करा. एक्सेलच्या वर चेसीला एक रबरी ठोकळा असतो. एक्सेल आणि तो ठोकळा यांतले अंतर टेपने घ्या. चाक वर चढायला एवढी जागा आहे. मग मागच्या चाकांना दगड लावून चेसीखाली जॅक द्या आणि चाक भुई सोडते न सोडते तोवर उचला. तेच अंतर पुन्हा मोजा. जेवढे वाढले तेवढे चाक खाली उतरते. समजा आधी तीन इंच होते आणि आता पाच झाले, तर चाक तीन इंच वर जाते आणि दोन इंच खाली येते. दोन्ही बाजूंची मापे लिहून ठेवा. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. घोडी लावल्याशिवाय तिथे हातसुद्धा घालायचा नाही.

ही मापे घेऊन तुम्ही पाटेवाल्याकडे गेलात की तो बहुधा म्हणेल, "पुढे एकेक पाटा वाढवू." गाडी उंच होईल, खाली घासणार नाही, आणि तुम्ही खूश. नको तो उद्योग म्हणतो तो हाच. हिशेब करून पाहा. गाडीच्या वजनाने पाटे जेवढे दबलेले असतात, साधारण तेवढेच ते वजन उचलल्यावर चाक खाली सोडू शकतात. समजा एका पुढच्या चाकावर ४०० किलो भार येतो, आणि पाच पाट्यांचा सेट १०० किलोला एक इंच दबतो. म्हणजे तो चार इंच दबलेला आहे, आणि चाक चार इंच खाली येईल. त्यात तसाच सहावा पाटा घातला की एक इंच दाबायला १२० किलो लागतील. सेट दबेल सव्वातीन इंच, आणि चाक उतरेलही तेवढेच. पदरचे पैसे घालून तुम्ही पाऊण इंच उठबस घालवली! शिवाय कडक पाट्याने खड्ड्याचा दणका थेट चेसीला, आणि तिथून टोमॅटोच्या क्रेटला व माणसांच्या मणक्याला.

शॅकलच्या पट्ट्या लांब करणे हा याचाच धाकटा भाऊ. पट्टी दोन इंच लांब केली तर गाडी साधारण एक इंच उचलते. पाटा तोच, म्हणून उठबस फारशी वाढत नाही, पण एक्सेलचा कल बदलतो. किंगपिनचा कल बिघडला की स्टेअरिंग रस्त्यावर भरकटू लागते. पाणंदीत ते जाणवणार नाही, डांबरी रस्त्यावर समोरून उसाचा ट्रक आला की जाणवेल.

मग करायचे काय? पहिले काम बिनखर्चाचे आहे आणि तेच सगळ्यांत जास्त टाळले जाते. पाटे काढून उलगडा. वर्षानुवर्षे चिखल खाऊन ते गंजाने एकमेकांना धरून बसलेले असतात. पाटे एकमेकांवर सरकले तरच सेट वाकतो. धरून बसलेला सेट म्हणजे लोखंडाची एक जाड पट्टीच. तारेच्या ब्रशने गंज काढा, चिरलेला पाटा बदला, टोकांना पडलेल्या खाचा घासून सपाट करा आणि पातळ ग्रीस लावून जुळवा. बुश फुटलेले असतील तर नवे घाला. शॅकलचे नट काही मिस्त्री असे आवळतात की पट्टी हलतच नाही; पट्टी झुलली नाही तर पाटा लांबणार कुठे? यू-बोल्ट मात्र नवे घ्या, जुने ताणलेले असतात. एवढे करून पुन्हा टेप लावा. पुष्कळ गाड्यांची हरवलेली उठबस इथेच सापडते.

दुसरे काम शॉकअपचे. घोडीवर गाडी असताना शॉकअपचे खालचे टोक सोडवा आणि चाक आणखी उतरते का पहा. उतरले, तर पाट्यात दम आहे आणि आखूड शॉकअपच त्याला धरून ठेवत होता. असा शॉकअप लवकर मरतो, कारण प्रत्येक खड्ड्यात पूर्ण एक्सेल त्याला लोंबकळतो. लांब शॉकअप बसवण्यापूर्वी दोन मापे घ्या: चाक पूर्ण उतरलेले असताना वरच्या आणि खालच्या पिनेतले अंतर, आणि एक्सेल रबरी ठोकळ्याला टेकलेला असताना तेच अंतर. नव्या शॉकअपची उघडलेली लांबी पहिल्या मापापेक्षा थोडी जास्त आणि मिटलेली लांबी दुसऱ्या मापापेक्षा थोडी कमी हवी. नुसता लांब आणून ठोकला तर ठोकळ्याआधी तोच मिटेल आणि वाकेल, नाहीतर पिन उपटून काढील.

याउपरही उठबस कमी वाटली तरच पाटे बदलण्याचा विचार करा. इथे लोखंडाचा एक नियम कामी येतो. पाट्याची जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो. उलट, लांबी दहाव्या हिश्श्याने वाढवली तर कडकपणा चौथ्या हिश्श्याने उतरतो. आठ मिलिमीटरचे चार पाटे आणि सहा मिलिमीटरचे नऊ पाटे यांचा कडकपणा जवळपास सारखाच असतो. भार दोन्ही सेट तेवढाच पेलतील. पण तेवढाच ताण सोसून पातळ पाटा जाड पाट्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने अधिक वाकू शकतो. म्हणून मऊ चालीच्या गाडीला पातळ आणि अनेक पाटे घालतात. यात खोटही आहे: लोखंड जास्त लागते, आणि पाटे जितके जास्त तितके घासणेही जास्त. ग्रीसची हयगय चालत नाही.

लांब पाटा सर्वांत चांगला, पण त्यासाठी चेसीवरचा हँगर हलवावा लागतो. वेल्डिंगचे ते काम रस्त्याकडेच्या टपरीत करू नका. टाका सुटला तर एक्सेल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी स्टेअरिंगचे ऐकत नाही. बऱ्याच जुन्या जीपना पाटे एक्सेलच्या खालून जातात. ते वरून घालून गाडी उंच करायची टूमही निघाली आहे. गाडी चांगलीच उचलते खरी, पण ब्रेक लावताना एक्सेल पाट्याला पिळतो आणि स्टेअरिंगचे दांडे नव्याने बसवावे लागतात. शेतावर जाणाऱ्या गाडीला हा खेळ हवाच कशाला?

आता ज्या गोष्टीसाठी जीव जातो तिच्याकडे या. चेसीपासून चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज जुन्या उठबशीच्या मापाने दिलेला असतो. चाक दोन इंच जास्त उतरू लागले की तो ताणतो. दोन-चार महिने काही होत नाही. मग एखाद्या उताराला, चाक खाली आणि स्टेअरिंग पूर्ण वळलेले असताना, तो सुटतो. एकच सर्किट असलेल्या जुन्या ब्रेकला मग चारही चाकांचा जोर जातो. मागच्या बाकावर पोरे असतात, आणि आपल्या वाटांना कठडा नसलेल्या विहिरी काय कमी आहेत? म्हणून पाट्याचे काम झाल्यावर चाक पूर्ण उतरवा, स्टेअरिंग या टोकाहून त्या टोकाला फिरवा आणि होजला सैलपणा आहे ना ते डोळ्यांनी पाहा. नसेल तर योग्य लांबीचा होज घातल्याशिवाय गाडी घरी आणू नका.

त्याच वेळी पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघा. जॉइंट अडत नाही ना, आणि सरकता जोड सुटण्याइतका बाहेर आलेला नाही ना. रबरी ठोकळा कुणी "जागा खातो" म्हणून काढायला सांगेल, त्याचे ऐकू नका. तो नसला तर एक्सेल इंजिनच्या ऑइल चेंबरला धडकतो.

नव्या गाड्यांबद्दलही कुणी विचारील. २०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई गाडीला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत. त्यांचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर येते आणि मालक मिशीला पीळ देतो. पण उठबस तेवढीच राहते. वर चढायला जागा मिळते ती खाली उतरण्यातून कापून, आणि एक्सेलचे जोड वाकड्या कोनात फिरून झिजतात. २०२० च्या थारला पुढे-मागे गोल स्प्रिंगा आहेत. स्प्रिंगेवर नुसती चकती ठेवण्याचा हिशेबही टॉर्शन बारसारखाच.

आणखी दोन गोष्टी. गाडी जितकी उंच, तितकी ती आडव्या उतारावर लवकर कलंडते. म्हणून उंची न वाढवता उठबस वाढवता आली तर तेच बरे. दुसरे म्हणजे कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ घडणीत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच मापाचे पाटे, बुश, शॉकअप बदलणे ही दुरुस्ती झाली. हँगर हलवणे हा फेरफार. तो करण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

काम झाल्यावर रिकामी गाडी बांधावर तिरकी, अगदी सावकाश चढवा. एकाने बाजूला उभे राहून बघावे, दुसरे चाक कुठवर भुईला चिकटून राहते ते. चिखलातून जाताना टायरची हवा थोडी कमी केली तर आणखी पकड मिळते. डांबरी रस्ता लागण्याआधी मात्र पंप मारून घ्यावा. नवे पाटे पहिल्या काही दिवसांत बसतात आणि यू-बोल्ट ढिले पडतात, तेव्हा शे-दोनशे किलोमीटर झाले की पाना घेऊन ते चौकडीने पुन्हा आवळा, आणि टेप घेऊन मापे त्याच वहीत पुन्हा लिहा.