शितावरून शाळेची परीक्षा

शाळेत जाणाऱ्या मुलाला डब्यात काय द्यावे, यावर आजवर पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. पोळी-भाजी द्यावी, मोड आलेली कडधान्ये द्यावीत, पाकिटबंद पदार्थ टाळावेत, हे आता बहुतेक पालकांना तोंडपाठ असते. आज मला या विषयाची दुसरी बाजू मांडायची आहे. डब्यातून परत काय आले, शाळेत शिजलेल्या जेवणापैकी ताटात काय उरले, हे आपण क्वचितच पाहतो. खरे तर पोषणाचा हिशेब तिथेच होतो. डब्यात भरलेले किंवा ताटात वाढलेले अन्न म्हणजे पोषण नव्हे. जे पोटात गेले तेवढेच पोषण.

मी अनेक वर्षे आहारशास्त्र शिकवले. त्या निमित्ताने जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अशा दोन्ही प्रकारच्या शाळांत जेवणाच्या सुट्टीत जाण्याचा योग आला. तिथे गेल्यावर मी आधी स्वयंपाकघरात न जाता जिथे ताटे धुतली जातात तिथे जाऊन उभी राहत असे. शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. उरलेल्या शितांवरून शाळेचीही परीक्षा होते.

प्रथम शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाविषयी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. सुरुवातीला बऱ्याच राज्यांत मुलांना दरमहा ३ किलो धान्य घरी दिले जाई. ते घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला जाई आणि मुलाच्या पोटात नेमके किती गेले हे कोणालाच सांगता येत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच देण्याचा आदेश दिला आणि पुढे आपल्याकडच्या शाळांतून खिचडीचा वास येऊ लागला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरले. २०२१पासून योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले असले तरी गावोगावी आजही तिला ‘शाळेची खिचडी’च म्हणतात.

या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. धान्य सरकारकडून मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे असा दर ठरवण्यात आला. इतक्या थोड्या पैशांत बसवलेल्या जेवणातला घास वाया गेला, तर तो भरून काढायला दुसरीकडे काही शिल्लक नसते.

आता समजा, एका शाळेत १०० मुले आहेत आणि प्रत्येकाच्या ताटात सरासरी ५० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चमचे अन्न उरते. दिवसाला ५ किलो झाले. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे वर्ष किमान २०० दिवसांचे असते. म्हणजे एका लहानशा शाळेतून वर्षाला १,००० किलो, एक टन शिजवलेले अन्न बादलीत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेले. साली-देठांसारखे न खाण्याजोगे भाग त्यात धरलेले आहेत. यातले ६० टक्के घराघरांतून गेले. एवढा मोठा आकडा ऐकला की आपण सुस्कारा टाकतो आणि विसरतो. पण तो असल्याच दोन-तीन चमच्यांचा बनलेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अन्न सरासरीने उरत नाही. मूल भात खाते आणि भोपळ्याची फोड बाजूला सारते. खिचडीतले टोमॅटो, दुधी, पालेभाजी वेचून काढते. डब्यातली पोळी अर्धी जाते, भाजी तशीच राहते. म्हणजे पोट भरते, पण लोह, जीवनसत्त्वे आणि प्रथिने ज्यात असतात तेच नेमके उरते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयोगटातील सुमारे २४ टक्के, तर १० ते १९ वयोगटातील सुमारे २८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ही मुले आपल्याच वर्गांत बसतात. दुपारनंतर पेंगणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो; त्याच्या ताटात काय उरले होते हे पाहायला हवे.

मग अन्न उरते तरी का? ‘हल्लीच्या मुलांना अन्नाची किंमत नाही’ हे उत्तर सोपे आहे, पण मला ते पटत नाही. मी पाहिलेली कारणे बहुतेक मोठ्यांच्या हातातली आहेत.

पहिले कारण प्रमाण. १०० ग्रॅम तांदूळ शिजून अडीच-तीन पट होतो. त्यात डाळ आणि भाजी मिळवली की भरगच्च ताट होते. हे प्रमाण पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलीला आणि पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलाला सारखेच. वाढणाऱ्या ताई एकाच डावाने भराभर वाढत जातात. पहिलीच्या रांगेत अन्न उरते आणि पाचवीच्या रांगेत मुले रिकामी ताटे घेऊन उभी असतात.

दुसरे कारण वेळ. सुट्टी वीस मिनिटांची. त्यात हात धुण्याची रांग, वाढण्याची रांग आणि ताट धुण्याची रांग. खायला उरतात जेमतेम दहा मिनिटे, आणि समोर मैदान खुणावत असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शाळांत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की बसून खायला वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळालेली मुले मुख्य पदार्थ, भाजी आणि दूध सगळेच कमी घेतात. मुले तिथली असोत वा इथली, घाई झाली की चावून खावे लागणारे पदार्थ आधी मागे पडतात.

तिसरे कारण चव आणि रूप. रोज तोच पिवळा रंग, तेच मीठ-हळद, आणि भाजीच्या मोठमोठ्या फोडी. २०१५च्या नियमांनुसार मुलांना वाढण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने आणि शिक्षकाने जेवण चाखून पाहायचे असते. हा नियम फक्त वहीतल्या सहीपुरता उरला, तर अळणी खिचडी चाखण्याची जबाबदारी मुलांवरच येते.

चौथे कारण गैरसमज. २०२१नंतर शाळांत पोषणमूल्ये मिसळलेला तांदूळ पोहोचला. त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व घालून तयार केलेले दाणे साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले असत. हे दाणे दिसायला थोडे वेगळे, काही पाण्यावर तरंगणारे. ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी आवई ठिकठिकाणी उठली आणि निवडताना तेच दाणे वेचून फेकले गेले. तांदूळ पाठवला, पण त्याबरोबर दोन वाक्यांची माहिती स्वयंपाक करणाऱ्या बाईंपर्यंत पोहोचली नाही, तर असे होते.

आता घरच्या डब्याकडे वळू. सकाळी साडेसहाला आई गरम पोळी डब्यात घालून झाकण घट्ट लावते. आत वाफ धरते, पोळी ओली होते आणि साडेदहाला तिचा लगदा झालेला असतो. तो मुलाने खाल्ला नाही तर त्याला दोष कसा द्यावा? पोळी आधी निववावी, स्वच्छ फडक्यात गुंडाळावी. भाजी कोरडी असावी. गार झाल्यावरही चांगले लागतात असे पदार्थ आपल्याकडे कमी नाहीत: थालीपीठ, धपाटे, मेथीची दशमी, मटकीची कोरडी उसळ, मुगाचे धिरडे, दाण्याची चटणी लावलेली भाकरी. शेजारी लिंबाची फोड किंवा पेरूचे दोन काप द्यावेत. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्य आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. आणि डबा मुलाच्या भुकेएवढा असावा, आपल्या मायेएवढा नव्हे. मोठा डबा पाहूनच लहान मूल दमते.

डबा उरण्याचे आणखी एक कारण शाळेच्या फाटकाबाहेर असते. महाराष्ट्र सरकारने २०१७मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्याचा आदेश काढला. पुढे २०२०च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. पण खिशातल्या दहा रुपयांना ते ५० मीटर लांब वाटत नाहीत. शाळेत शिरतानाच वेफर्सचे पाकीट संपवलेल्या मुलाला जेवणाच्या सुट्टीत भूक नसते. वाढदिवसाच्या चॉकलेटांचेही तेच. ती जेवणाआधी वाटण्याऐवजी शाळा सुटताना वाटली, तर कोणाचाच आनंद कमी होत नाही.

शाळांना सहज करता येण्याजोगे उपाय आहेत. पहिली वाढ निम्मी असावी आणि दुसरी वाढ मागून घेण्याची मोकळीक असावी. घरातल्या पंगतीत आपण हेच करतो. एक स्वच्छ झाकणाचे पातेले मध्यभागी ठेवावे. ज्याला केळे किंवा पोळी नको असेल त्याने हात लावण्यापूर्वीच ती त्यात ठेवावी आणि ज्याला हवी त्याने घ्यावी. भाज्या किसून किंवा बारीक चिरून घालाव्यात. जेवणाच्या सुट्टीतली निदान वीस मिनिटे फक्त खाण्यासाठी राखावीत. मोठ्या मुलांनी आळीपाळीने वाढायला उभे राहावे. आपण वाढलेले दुसऱ्याने टाकले की कसे वाटते, हे व्याख्यानापेक्षा लवकर कळते. शाळेच्या परसबागेत स्वतः लावलेली मेथी मुले निवडून बाजूला काढत नाहीत, हेही मी पाहिले आहे. आणि आठवड्यातून एकदा उरलेल्या अन्नाची बादली वजनकाट्यावर ठेवून आकडा फळ्यावर लिहावा. कोणत्या दिवशी काय शिजले होते आणि किती उरले, हे महिनाभर लिहिले की पाककृती कुठे बदलायची ते आपोआप दिसते.

पातेल्यात उरलेल्या, न वाढलेल्या अन्नाबद्दल मात्र सावध राहायला हवे. शिजवलेले अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवले तर सुरक्षित राहते. कोमट होऊन तासन् तास पडलेला भात पुन्हा गरम केला तरी धोक्याचा असतो, कारण त्यात तयार होणारे काही जंतूंचे विष उष्णतेने नाहीसे होत नाही. म्हणून उरलेले दुसऱ्या दिवशी वाढणे ही काटकसर नव्हे. ताटातले उष्टे कचऱ्याच्या ढिगावर न जाता खतखड्ड्यात जावे आणि तिथून परसबागेत.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. एक म्हणजे सक्ती. ताट चाटूनपुसून संपवल्याशिवाय उठायचे नाही, असा दम दिला की ताट रिकामे होते, पण मूल आपल्या भुकेचे ऐकणे विसरते आणि नावडती भाजी कायमची नावडती होते. पानात टाकू नये हा आपला संस्कार चांगलाच आहे. पण तो पाळायचा तर किती वाढून घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकारही मुलाला हवा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बादली भरते म्हणून सगळ्यांसाठीच कमी शिजवायचे, हा हिशेब कागदावर बिनचूक वाटतो. पण त्याच रांगेत एखादी मुलगी अशी असते, जी सकाळी घरून नुसता चहा पिऊन आलेली असते आणि जिच्यासाठी शाळेतले जेवण हेच दिवसातले पहिले जेवण असते. ती तिसऱ्यांदा भात मागते. सरासरीने तांदूळ कमी केला, तर ज्यांच्या ताटात उरत होते त्यांना काहीच फरक पडत नाही. कमी पडते ते नेमके तिला. उरलेले अन्न आणि अपुरे पडणारे अन्न एकाच ओळीत, दोन हातांच्या अंतरावर असते. प्रश्न किती शिजवले याचा नसून ते योग्य ताटात पोहोचले का याचा आहे.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. उद्या सोमवारी मूल शाळेतून आले की डबा उघडून पाहा. रागावू नका. काय उरले, आणि का उरले, एवढेच विचारा. गार झाले होते का, वेळ पुरला नाही का, आवडले नाही का, की भूकच नव्हती? मूल खरे उत्तर देईल, कारण हा प्रश्न त्याला सहसा कोणी विचारलेला नसतो. आणि गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आपण असाल, तर एखाद्या दुपारी जेवणाच्या वेळी जाऊन बसा. चव घ्या, ताटे पाहा, आणि दुसऱ्यांदा कोण मागते आहे तेही पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)