घाण (शब्द)

'घाण' हे मराठीतील स्त्रीलिंगी नाम असून त्याचे दुर्गंधी आणि अस्वच्छ पदार्थ असे दोन मुख्य अर्थ आहेत. आज दुसरा अर्थ अधिक रूढ असला तरी पहिला अर्थ जुना आहे.

व्युत्पत्ती

संस्कृतातील 'घ्रा' (हुंगणे) या धातूपासून 'घ्राण' हा शब्द बनला. वास घेणे, वास आणि नाक असे त्याचे अर्थ होत. त्यांत चांगले-वाईट असा भेद नव्हता. प्राकृतात शब्दारंभीच्या जोडाक्षरातील 'र' लोप पावला. ग्रामचे गाव आणि भ्रातृचे भाऊ ज्या प्रक्रियेने झाले, त्याच प्रक्रियेने 'घ्राण'चे 'घाण' झाले. अर्धमागधी ग्रंथांत 'घाणिंदिय' म्हणजे केवळ नाक हे इंद्रिय. तिरस्काराची छटा तेथे नाही. ती मराठीत आली. मूळ तत्सम रूप मात्र 'घ्राणेंद्रिय' या शब्दात निर्मळ राहिले. एकाच शब्दाची दोन रूपे अशी दूर गेली की त्यांचे नाते सहसा ध्यानातही येत नाही.

अर्थविस्तार

वाक्यातील क्रियापदावरून अर्थ ओळखता येतो. घाण 'येते' किंवा 'सुटते' तेव्हा ती दुर्गंधी असते. 'पडते', 'साचते' किंवा 'काढली जाते' तेव्हा तो पदार्थ असतो. पुढे 'घाण सवय', 'घाण अक्षर' असा विशेषणासारखा वापरही बोलण्यात आला. शिष्ट लेखनात तेथे 'घाणेरडा' हे रूप योग्य ठरते. 'घाण वास' हा प्रयोग तर मूळ अर्थ पुरता विसरल्याची खूण होय, कारण व्युत्पत्तीने त्यात वास दोनदा येतो. 'वास' या शब्दाचाही कल तिकडेच आहे: नुसते 'वास येतो' म्हटले की ऐकणारा दुर्गंधीच समजतो.

हा शब्द वस्तूंवरून माणसांवरही गेला. घाण करणाऱ्यापेक्षा ती उपसणाऱ्यालाच 'घाणेरडा' ठरवण्याची रीत जातिव्यवस्थेने रुजवली. हाताने मैला साफ करून घेण्यास 1993 आणि 2013 च्या कायद्यांनी बंदी घातली. शब्दातील तुच्छता कायद्याने पुसली जात नाही.

साधित व सदृश शब्द

'घाणेरी' (टणटणी) हे मूळच्या अमेरिकेतील एका झुडपाचे मराठी नाव. फुले देखणी असली तरी पाने चुरगळताच उग्र दर्प येतो, त्यावरून ते पडले.

तेलाचा 'घाणा', भज्यांचा 'पहिला घाणा' किंवा लग्नापूर्वीचा 'घाणा भरणे' हा विधी यांचा या शब्दाशी संबंध नाही. तो पुल्लिंगी शब्द वेगळ्या मुळाचा आहे. 'गंदा' हा शब्द फारसीतून आलेला असून तेथेही त्याचा मूळ अर्थ दुर्गंधीयुक्त असाच आहे.